चार मैल उतार, चार मैल चढ

कोरमंगलातल्या आमच्या गल्लीत होंगेची झाडं फुलली की माझे पाय खुर्चीत बसल्याबसल्या हलायला लागतात. मराठी पुस्तकांत याला करंज म्हणतात, ठाऊक आहे मला. पण आमच्या घरात करंज कुणी म्हटलं नाही. तीनशे वर्षं झाली इकडे येऊन. कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून आमचे पूर्वज आले आणि इथलेच झाले, असं अप्पा सांगायचे. एवढ्या काळात एखाद्या झाडाचं नाव बदललं तर त्यात नवल काय. तर होंगे. आधी पोपटी पानं येतात, इतकी कोवळी की ऊन त्यातून गाळून खाली उतरतं. मग बारीक, पांढरट जांभळी फुलं. झाडावर ती दिसतही नाहीत धड. खाली पडली की दिसतात. सकाळी दार उघडावं तर रस्ताभर कुणी चुरमुरे सांडून गेलंय असं वाटतं.

मागच्या रविवारी माझी नात मेघा त्या चुरमुऱ्यांवरून सायकल घेऊन आली. घामाने निथळत होती, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा. देवनहळ्ळीपर्यंत जाऊन आली होती म्हणे. हेल्मेट काढायच्या आधी तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"अज्जी, बघ. चौऱ्याऐंशी किलोमीटर. सरासरी एकवीस."

"निघालीस कधी?"

"पाचला."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते. "म्हणजे पाच तास. मग एकवीस कशी? सतरासुद्धा होत नाही."

"तसं नाही गं. पंक्चर झालं, ते काढायला थांबले. मग इडली खाल्ली. थांबलेला वेळ फोन धरत नाही. आपोआप पॉज होतो."

"आणि तो वेळ गेला कुठे?"

"कुठे म्हणजे? गेला."

ती अंघोळीला पळाली. मी मात्र तिथेच बसून राहिले. थांबलेला वेळ धरायचाच नाही, ही सोय मला कुणी दिली असती तर माझी एक अख्खी परीक्षा किती सोपी झाली असती, हा विचार डोक्यातून जाईना. रस्त्यावर फुलं पडत होती. आणि मी कोरमंगलात नव्हतेच. मी मागडी रोडच्या चढावर होते, अण्णाच्या सायकलवर.

तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, आणि रस्त्याकडेचे दगड मैलांचे होते. राजाजीनगर नुकतं वसत होतं. आज तिथे घर सांगितलं तर लोक भुवया उंचावतात. तेव्हा नुसती लाल माती, दोऱ्या लावून आखलेल्या जागा, अर्धी उठलेली घरं आणि मधेमधे कारखान्यांचे भोंगे. आमचं घर तिथल्या उंचवट्याच्या पार वरच्या अंगाला. पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाई मशीन आणि कापड बेतायचं लांब टेबल, मागे आम्ही तिघं. अप्पा, माझा मोठा भाऊ अण्णा, आणि मी. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. ती गेली तशी माझी शाळाही गेली, कारण घर कुणीतरी चालवायचं होतं. त्याबद्दल रडगाणं गायला मी बसलेली नाही. अण्णाची जुनी पुस्तकं होती. तुरपाई करताना मांडीवर कापड आणि समोर पुस्तक, असं मी इतिहास शिकले, कन्नड शिकले, इंग्रजीसुद्धा शिकले. एक टाका, एक ओळ. घरी बसून एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, बसले, आणि सगळ्यात पास झाले. गणित सोडून.

गणित तुरपाई करता करता येत नाही. त्याला कुणीतरी समोर बसून, इथे चुकलीस, असं म्हणावं लागतं.

तशी एक बाई होती. पद्मावती मिस. खाली पेटेच्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेच्या, पलीकडे, किल्ल्याच्या अंगाला राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारच्या वेळी आपल्या घराच्या ओट्यावर बायकांना शिकवायच्या. कुणी भाजी निवडून यायची, कुणी मूल निजवून. मिसचा नियम एकच. कधीही या, पण आल्यावर दीड तास बसायचं. "पाऊण तासाचं गणित मी शिकवत नाही," म्हणायच्या. "दीड तास जमत नसेल तर स्वल्प घरीच बसा."

आता आमच्या घरातला नियम सांगते, कारण सगळं त्यावर अडलेलं होतं. संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे दिवा लागायचा. आधी देवापाशी समई, आणि मगच विजेचं बटण. समईच्या आधी कुणी बटण दाबायचं नाही, घरात काळोख झाला तरी. आणि समई घरातल्या बाईने लावायची. आई गेल्यापासून ती बाई मी. दिवा लागला की अप्पा कात्री मिटून ठेवत. उजेड पुरेसा असो, गिऱ्हाईक दारात उभं असो, दिव्यानंतर कापडाला कात्री लावायची नाही. त्यांच्या वडिलांनी लावली नव्हती, त्यांच्या वडिलांनीही नाही.

मिसकडे जाऊ का, असं मी विचारलं तेव्हा अप्पा पायजम्याचा नेफा शिवत होते. मशीन थांबवलं नाही.

"बसने?"

"दोन बदलाव्या लागतात. आणि त्यांचा नेम नाही."

"मग काय, उडत जाणार?"

"अण्णाच्या सायकलवर."

मशीन थांबलं. सायकल मला येत होती हे त्यांना माहीत होतं. रिकाम्या जागांतून मी शिकले होते आणि सगळ्या गल्लीने ते पाहिलं होतं. पण येणं वेगळं आणि शहरातून जाणं वेगळं. अप्पांनी दोरा तोडला. मग म्हणाले, "दिव्याच्या आत दारात पाहिजेस. जमत असेल तर हिशेब करून सांग. उगाच बघू-करू नको."

आणि थोड्या वेळाने, नेफ्यात नाडी ओवता ओवता, "ही शेवटची खेप, शांते. या वेळी नाही झालं, तर ते दुसरं मशीन आहे ना, आईचं, त्यावर बस. काम भरपूर आहे."

आईचं मशीन खोलीत फडक्याने झाकलेलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला त्यावर बसायचं नव्हतं. दीड तासाच्या त्या ओट्यावर बसायचं होतं. एवढंच मला तेव्हा ठाम कळत होतं.

अण्णाची कारखान्यात पहिली पाळी. तो चारला घरी यायचा, तेव्हा सायकल माझ्या हातात. चार ते साडेसहा म्हणजे अडीच तास. त्यातला दीड तास मिसचा. उरला एक तास, जायला आणि यायला मिळून. मिसचं घर चार मैल. जाताना जवळजवळ सगळा उतार आणि येताना तोच चढ. प्रश्न एवढाच होता की आठ मैल एका तासात होतात का.

मग आम्ही रविवारी वेग मोजला. म्हणजे मी मोजला, अण्णा हातातलं घड्याळ घेऊन उभा राहिला. मैलाचे दगड सगळीकडे सोयीचे नव्हते, म्हणून मी अप्पांची टेप घेऊन सायकलच्या चाकाचा घेर मापला. अप्पा दारातून बघत होते.

"काय गं, ब्लाऊज बेततेस का तिचा?"

"वेग बेततेय."

"हं. बाही जरा सैल ठेव."

अठ्ठ्याऐंशी इंच घेर भरला. आऱ्याला लाल दोरा बांधला. सातशेवीस फेरे झाले की एक मैल. उताराचा एक मैल पाच मिनिटांत गेला आणि चढाचा दहा मिनिटांत. म्हणजे तासाला जाताना बारा मैल, येताना सहा. इथपर्यंत सगळं बरोबर. दोनदा मोजलं, अण्णा कंटाळून दगडावर बसला तरी मोजलं.

चूक पुढे झाली, आणि ती चूक शिंप्याच्याच घरात होऊ शकते. आमच्याकडे आकडे कुणी भागत नसे. घडी घालत. छाती छत्तीस, तर टेप छत्तीसला चिमटीत धरायची आणि दुमडायची, अठरा. पुन्हा दुमडायची, नऊ. मध्य काढायचा तर दोन टोकं जुळवायची, जिथे घडी पडेल तो मध्य. लहानपणापासून हात तेच करायचे. मीही तेच केलं. टेपवर सहावर एक बोट, बारावर दुसरं, टोकं जुळवली. घडी नवावर पडली. सरासरी नऊ मैल. तासाला नऊ, तर आठ मैलांना त्रेपन्न मिनिटं. सात मिनिटं शिल्लक.

मला इतका आनंद झाला की मी ती सात मिनिटं लगेच खर्चून टाकली. वाटेत टोलगेटजवळ गौरम्मा राहायची. आमच्या शर्टांची काजं तीच करायची, हाताने, मुंगीच्या डोळ्याएवढ्या टाक्यांनी. अण्णाला रोज तिच्याकडे फेरी पडायची. मी अप्पांना म्हणाले, "येताना काजांचं गाठोडंही मीच आणते. सात मिनिटं उरतात."

अप्पांनी टेप हातात घेतली, स्वतः घडी घातली, नवावर नख ठेवलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. "जा."

आम्ही दोघांनी मिळून ती चूक पास केली म्हणायची.

पहिला दिवस. त्या उताराचं मी आज काय सांगू. अंगात लंगा-दावणी, म्हणजे परकर आणि वरून अर्धी साडी; लंग्याचा घोळ एका हाताने आवरून धरलेला, दावणीचा पदर कंबरेला खोचलेला, दांड्याची सायकल. आणि खाली सगळं शहर, लाल कौलं आणि मधेमधे झाडांचे गोळे. हवा कानांतून गाणं म्हणत जायची. वाटेत भाजलेल्या शेंगांचा वास, मग कडब्याचा, मग पेटेच्या तोंडाशी उदबत्तीच्या कारखान्याचा. वीस मिनिटांत मिसच्या ओट्यावर. दीड तास मिस काळ्या पाटीवर नळ आणि टाक्या भरत होत्या. मग परत.

परतीचा रस्ता तोच, पण तो रस्ताच नव्हे. गाठोडं घ्यायला थांबले, ते कॅरियरला बांधलं आणि चढाला लागले. लंगा गुडघ्यांना गुंडाळायचा. एकेक पेडल म्हणजे विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसं. घरी पोहोचले तर समई लागलेली होती. अप्पांनी स्वतः लावली होती. वात एवढी जाड की ज्योत काजळी ओकत होती, आणि तेल पाटावर ओघळलं होतं. कात्री मिटलेली.

"आज पहिला दिवस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी उतारावर ब्रेक म्हणून लावला नाही. वाटेत एका कोंबडीशी गाठ पडता पडता राहिली. तरी घरी आले तेव्हा समई लागलेलीच.

"दोन झाले, शांते. तिसऱ्याला मी बोलणार नाही. सायकल नुसती भिंतीला लागेल."

अण्णा जेवताना म्हणाला, "अक्का, तुझे नऊ मैल कुठे सांडतात बघ की जरा."

तो माझ्यापेक्षा मोठा, पण चिडवायचं असलं की अक्का म्हणायचा. मला राग आला आणि रागाने झोप आली नाही असं काही नाही, मी गाढ झोपले. पण सकाळी अप्पा अंघोळीला गेल्यावर मी बेतायच्या टेबलाशी उभी राहिले. रोज सात-सात मिनिटं कुठे जात होती? मोजलेलं चुकलं नव्हतं. थांबणंही सात मिनिटांचंच होतं. मग मी आपल्याला येत होतं तेच केलं. चिंध्यांच्या टोपलीतून अस्तराची एक लांब पट्टी काढली. आकडे राहू देत म्हटलं, वेळच मापू. एका मिनिटाला एक इंच. जातानाचा वेळ वीस इंच. त्याच्यापुढे येतानाचा वेळ, चाळीस इंच. मधे खडूची रेघ. मग पट्टीची दोन टोकं जुळवली आणि घडी घातली.

घडी रेघेवर पडली नाही. ती पडली चढावर. रेघेच्या पुढे दहा इंच.

मी ती घडी बोटाने दाबत तिथेच उभी राहिले. रस्ता निम्मा उताराचा आणि निम्मा चढाचा, हे खरं होतं. पण माझा वेळ निम्मा-निम्मा नव्हताच. उतारावर मी जेमतेम असते. चढावर असते त्याच्या दुप्पट. मग बाराला आणि सहाला सारखा मान कसा मिळेल? जिथे जास्त वेळ राहिले त्याचं वजन जास्त. आठ मैल आणि एक तास, इतकं साधं होतं ते. सगळं अंतर एकत्र, सगळा वेळ एकत्र, भाग द्या. आठ. नऊ नाहीच. ती शिल्लक सात मिनिटं कधी नव्हतीच, आणि मी ती गौरम्माला देऊन बसले होते.

अप्पा डोकं पुसत बाहेर आले. "कसली पट्टी ती?"

"कालची."

"कालची काय?"

"कालची वाट." मी त्यांना घडी दाखवली. त्यांनी पट्टी घेतली, टोकं पुन्हा जुळवली, पुन्हा घडी तिथेच. तिच्यावर नख ठेवलं. "म्हणजे परवा आपण टेप दुमडली ते..."

"वेगाची घडी घातली आपण. वेळाची घालायची होती."

"हं." त्यांनी पट्टी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. "मग काजं राहू दे. अण्णा आणेल."

खरं सांगते, तो सोपा मार्ग होता. आणि अप्पांनी स्वतःहून दिला होता. पण काजं आणते असं मी म्हणाले होते, आणि तोंडातून गेलेलं माप परत घ्यायला मी तयार नव्हते. माझ्या अंगात तेव्हा काहीतरी भरलं होतं. "नको," म्हणाले. "चढावर काढते."

कारण पट्टीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. उतारावर जीव धोक्यात घालून कितीही उडाले तरी त्या वीस इंचांतून निघून निघून काय निघणार? कापड होतं ते चाळीस इंचात. चढावर थोडी जरी सुधारले तरी तिथून भरपूर निघत होतं. मी उतारावर ब्रेक लावायला लागले. कोंबड्या वाचल्या.

तो दिवस शनिवार होता, मग रविवार. मिसला सुट्टी. त्या दोन दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे रोज सकाळी चढ. नुसता चढ. सायकल हातात धरून खाली जायचं आणि चढत वर यायचं. अण्णाने सीट वर केली आणि पेडलवर उभं राहून अंगाचा भार कसा टाकायचा ते शिकवलं. शेजारची जयम्मा नळावरून ओरडायची, "शांता, काय हरवलंय गं खाली, दहादा जातेस ते?"

दुसरी म्हणजे लंगा. तो गुडघ्याला गुंडाळत होता तिथेच माझी मिनिटं जात होती. मी जुना खणाचा लंगा उसवला आणि मधोमध दोन पाय काढले. इतका घेर ठेवला की उभी राहिले तर लंगाच दिसावा. गल्लीत कुणाला कळू नये, निदान लांबून. शिवून घातला आणि अप्पांसमोर उभी राहिले. दिव्याचा नियम मोडणं एक, आणि शिंप्याच्या मुलीने असला कपडा घालणं एक.

अप्पांनी चष्मा लावला. समोरून पाहिलं, मागून पाहिलं. म्हणाले, "बैस जरा सायकलवर असल्यासारखी."

मी स्टुलावर बसले, पाय हलवले.

"इथे ओढतंय." त्यांनी मांडीच्या आतल्या शिवणीवर खडूची खूण केली. "कळी घाल. आडव्या कापडाची. नाहीतर चढावर फाटेल."

परवानगी द्यायची त्यांची ती पद्धत होती. मी रात्रीच्या आत कळी घातली.

सोमवारी मी दारात आले तेव्हा घरात समई नव्हती लागलेली. अप्पांची कात्री कापडात चालू होती. मी पाय धुतले, वात बारीक वळली, समई लावली आणि मग बटण दाबलं. त्यांनी कात्री मिटली. चढ आता बत्तीस मिनिटांचा झाला होता. मी मनात मांडलं. थांबणं सोडून आठ मैल, बावन्न मिनिटं. नवाच्याही थोडं वर. जो नऊ मला टेप दुमडून फुकट मिळाला होता, तोच आता गुडघ्यांतून काढावा लागला होता. मला तो जास्त आवडला.

मग दिवस असे गेले. अवरेकाईच्या शेंगा बाजारातून संपल्या. होंगेची पानं आधी गळली, मग पोपटी झाली. मिसच्या ओट्यावर नळ-टाक्या संपून व्याज आलं, व्याज संपून भूमिती. मिस मला "राजाजीनगर एक्सप्रेस" म्हणायच्या. एकदा त्यांनी सरासरीचं गणित घातलं आणि सगळ्या बायकांनी बारा आणि सहाचा मध्य नऊ काढला. मी पाटीवर पट्टी काढली आणि घडी कुठे पडते ते दाखवलं. एक बाई, तीन मुलांची आई, म्हणाली, "म्हणजे कष्टाचा वेळ मोठा, हे गणितालासुद्धा माहिती आहे म्हणायचं." मिस हसल्या, पण उत्तर पुसलं नाही.

परीक्षेला दोन आठवडे राहिले असतील. भूमितीची निम्मी प्रमेयं अजून पुढे होती. त्या दिवशी सगळं माझ्या मापाने चाललं होतं. मिसकडून वेळेवर निघाले, गौरम्माने गाठोडं तयार ठेवलं होतं. आणि रेल्वेचं फाटक पडलं.

फाटक नेहमीच पडायचं, दोन मिनिटं, तीन मिनिटं. ती मी गाठोड्याच्या वेळातून उसनी घ्यायची. त्या दिवशी मालगाडी आली आणि अर्धी पुढे जाऊन उभीच राहिली. डब्यामागे डबा. इंजिन तिकडे कुठेतरी सुस्कारे टाकत होतं. मी एक पाय जमिनीवर, एक पेडलवर ठेवून उभी. आजूबाजूला बैलगाड्या, दुधाच्या घागरी लावलेल्या सायकली, एक टांगा. कुणाला घाई नव्हती. वरच्या होंगेतून फुलं पडत होती, गाठोड्यावर, हँडलवर, माझ्या केसांत. आकाश आधी पिवळं झालं, मग राखी. मी मनातल्या मनात भागाकार करत राहिले. आता निघाले तर किती वेगाने जावं लागेल. आता निघाले तर. आता. दर वेळी आकडा वाढत गेला, आणि एका क्षणी तो अण्णालाही जमला नसता असा झाला. मग मी भागणं थांबवलं. चाक फिरत नव्हतं, अंतर जागचं हलत नव्हतं, फक्त वेळ वाहत होता. पण तोही माझ्याच संध्याकाळीतून जात होता. तिसरा उशीर.

फाटक उघडलं तेव्हा मी घाई केली नाही असं म्हणणार नाही. जिवाच्या आकांताने तो चढ मारला. घशात रक्ताची चव आली. उशीर तर झालाच आहे, मग कशाला, असं एकदाही मनात आलं नाही. आपल्या हातात जेवढा चढ आहे तेवढा तरी चोख मारायचा, एवढंच.

वर आले. काळोख झाला होता. गल्लीतल्या सगळ्या घरांतून दिवे. जयम्माकडे, समोर, कोपऱ्यावर. आमचंच घर काळं. सायकल ठेवून मी धावत उंबऱ्यापाशी गेले.

अप्पा उंबऱ्यावर बसले होते. मागे पूर्ण काळोख. टेबलावर कापड पसरलेलं, त्यावर कात्री, उघडी. त्या काळोखात त्यांना सुई दिसली नसती, कात्री काय चालवणार. तरी ती मिटलेली नव्हती.

"फाटक?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माल की पॅसेंजर?"

"माल."

"हं. माल लांब असते." ते उठून बाजूला झाले. "तेल घालून ठेवलंय. वातही वळलीय, पण जाड झाली वाटतं. बघ जरा. समई लाव, मग दिवा लागेल."

मी वात पुन्हा वळली. समई लावली. बटण दाबलं. अप्पांनी कात्री मिटली आणि खुंटीला अडकवली. "साडेसहाच्या आत" हा शब्द त्या संध्याकाळी कुणी काढला नाही. दिवा लागायच्या आत मी घरात होते. तीनदा उशीर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला सायकल दारात होती. आणि चेनला तेल घातलेलं होतं.

गणितात पास झाले मी. फार वर नाही, पण झाले. पेपरात सायकलचं गणित नव्हतं, शेताला कुंपण घालायचं होतं. पुढे मी त्याच गल्लीत मुलांना गणित शिकवलं, बरीच वर्षं, दीड तास बसवून. मैल जाऊन किलोमीटर आले, तेही शिकवले. आईचं मशीन मी ठेवलं होतं, अजून आहे. त्यावर मी शिवते, पण ज्या दिवशी शिवावंसं वाटेल त्या दिवशी.

या रविवारी मेघा पुन्हा देवनहळ्ळीला गेली. दहाला येते म्हणाली होती. दहा वाजले, साडेदहा झाले. सुनेने कॉफी आणून ठेवली. मी म्हटलं, राहू दे. कप तसाच घेऊन घराच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. होंगे गळत होती. अकराला मेघा आली, पायांवर ग्रीसचे डाग, चेहरा लाल.

"अज्जी, चेन तुटली. अर्धा तास दुकान शोधत होते. पण बघ, सरासरी तेवीस आली."

"ते पॉजचं बटण बंद करता येतं का?"

"येतं. पण मग सरासरी एकदम खाली जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "थांबलेलं सगळं धर. दुकान शोधलंस ते धर. मी इथे बसले होते तेही धर."

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खुर्चीजवळच्या कॉफीकडे. वर साय धरली होती.

"तू अजून प्यायली नाहीस?"

"आता पिते," मी म्हटलं, आणि उठले.